गोळीची खोड

आमच्या दवाखान्यात गोळ्या मिळायला फारसा वेळ लागत नसे. वेळ लागायचा तो त्या गोळ्यांची बदनामी ऐकून घ्यायला. हे काम मोठ्या बाई करायच्या. पेशंट खिडकीवरून गोळ्या घेऊन वळला, की बाई त्याला बाकड्यावर बसवत, पाकिटं त्याच्याच मांडीवर मांडत आणि एकेका गोळीचं चरित्र काढायला सुरुवात करत.

"ही बारकी गुणाची हाय, पण उपाशी पोटी घेतलीस तर पोटात आग पाडती. ही मोठी. हिच्यानं तोंडाला लोखंड चाटल्यावानी चव येती, जेवण ग्वाड लागत न्हाई. आन् ही चालू असताना दारूला शिवलास, तर वकून वकून बेजार होशील. मग मला शिव्या देऊ नको."

पेशंटचा चेहरा एवढासा व्हायचा. तो उठायला लागला, की बाई सहज आठवल्यासारखं म्हणत, "बाकी बरं वाटंल तुला."

बाई आमच्या इन्चार्ज सिस्टर. सोनपेठकडच्या. ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या आणि चालता चालता दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेणाऱ्या. मी त्यांच्या हाताखाली स्टाफ नर्स होतो. मी मूळचा चुडाव्याचा. पुरुष नर्सला सरकारी भाषेत 'ब्रदर' म्हणतात, गावकरी डॉक्टर समजतात, आणि लग्नाच्या बाजारात काहीच समजत नाहीत. बाई मला 'अरे ब्रदर' म्हणत. त्यातलं 'अरे' खरं होतं.

गोळ्यांच्या बदनामीमागे बाईंचं एक तत्त्वज्ञान होतं. त्या म्हणायच्या, "सोयरीक जुळवताना पोराचे गुण कुणीबी सांगतंय. मधल्या माणसानं खोड आधी सांगावी. खोड लपवून लगीन लावलं की पोरगी माहेरी येती, आन् खोड लपवून गोळी दिली की गोळी उकिरड्यावर जाती." हे त्या नुसतं बोलत नसत. माझ्यासाठी गंगाखेडचं एक स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलीचे वडील दवाखान्यात मला बघायला आले, तर बाईंनी त्यांनाही बाकड्यावर बसवलं. "पोरगं नेक हाय. पण रागीट हाय, झोपेत बडबडतंय, आन् कुणी डॉक्टरसाब म्हणलं तर न्हाई म्हणत न्हाई." ते गृहस्थ चहा न घेताच गेले. मी आठवडाभर बाईंशी बोललो नाही. बाईंना ते कळलंसुद्धा नाही, कारण बोलायचं काम त्याच करायच्या.

त्यांच्या उजव्या हातात एक लाल बांगडी असायची आणि एक हिरवी. ड्यूटीवर बांगड्या घालायच्या नाहीत असा नियम आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो दाखवला, तर बाईंनी हात पुढे करून त्यांनाच विचारलं, "ह्यातली हिरवी कोणती, सांगा बरं." साहेबांनी गोंधळून बरोबर सांगितली. "डोळे चांगले हायेत तुमचे," बाई म्हणाल्या, आणि मग खुलासा केला. टीबीच्या गोळ्यांमधली एक गोळी क्वचित कुणाच्या डोळ्यांवर जाते. आधी लाल-हिरवा कळेनासा होतो. माणसाला ते लवकर समजत नाही, म्हणून येणाऱ्या प्रत्येक टीबीवाल्याला बाई बांगड्या दाखवायच्या. साहेबांनी पुढे काही लिहिलं नाही.

लहान मुलांचं कोणतंही नवं औषध आलं की बाई त्याचा थेंब आधी स्वतःच्या जिभेवर घ्यायच्या आणि तोंड वाकडं करून आयांना सांगायच्या, "कडू हाय. लेकराला ग्वाड हाय म्हणून पाजू नको. एकदा फसलेलं लेकरू दुसऱ्यांदा तोंड उघडत न्हाई." शुगरचा पेशंट दिसला की पहिला प्रश्न, "आज कोणता वार धरलाय?" आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, कुणाचं ना कुणाचं काहीतरी असतंच. लोक उपास धरायचे आणि वर शुगरची गोळीही इमानदारीनं खायचे, आणि दुपारी घामाघूम होऊन बाजेवर यायचे. बाईंनी कुणाचा देव सोडवला नाही. डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची गोळी तेवढी ठरवून घेत.

एक म्हातारं जोडपं मला अजून आठवतं. म्हाताऱ्याला शुगर आणि चक्कर येऊन पडायची म्हातारी. तिला शुगर नाही, काही नाही, तरी रक्तातली साखर तळाला गेलेली. सलाईन लावलं की उठून बसायची आणि घरी कोंबड्या सोडून आलेय म्हणून भांडायची. दुसऱ्यांदा आली तेव्हा डॉक्टरांनी म्हाताऱ्यालाच विचारलं, "बाबा, तुमची गोळी रोज घेता ना?"

"घेतो की. अर्धी मी, अर्धी ही."

"अहो, तिला कशाला?"

म्हातारा डॉक्टरांकडे बघतच राहिला. "आवो सायब, जल्मभर एका ताटात जेवलाव. आता सरकारनं गोळी दिली ती एकट्यानंच खाऊ व्हय?"

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. बाई मात्र म्हाताऱ्याशेजारी बसल्या आणि त्या गोळीची खोड म्हातारीच्या बाबतीत कशी उलटते ते समजावलं. डॉक्टरांना विचारून म्हातारीला तिची स्वतःची अशी कॅल्शियमची गोळी दिली. ही तुमची, ती तिची, वाटणी नको. पुढच्या खेपेला म्हातारी खुशीत आली. गोळी सोसली का विचारलं, तर म्हणे, "सोसली की. अर्धी ह्यायला दिली." मग बाईंनी म्हाताऱ्यालाही कॅल्शियम चालू करवलं. वाटण्यासारखं काही उरू नये म्हणून.

बाईंचं सगळंच बरोबर असायचं असं मी म्हणणार नाही. आमचे डॉक्टर लातूरकडचे, तरुण, मनानं चांगले. ते म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही एवढं सांगता की पेशंटला गोळीपेक्षा रोगच बरा वाटायला लागतो." त्यात तथ्य होतं. बीपीच्या गोळीनं पाय सुजू शकतात, हे बाईंनी एका हॉटेलवाल्याला इतकं रंगवून सांगितलं, की त्यानं गोळी घेतलीच नाही आणि एक दिवस तोंड वाकडं होऊन आला. तो पुढे सुधारला, पण बाई काही दिवस अगदी गप्प होत्या. बाई गप्प आहेत म्हटल्यावर दवाखान्यात करमेना. त्यानंतर त्या प्रत्येक खोडीमागे एक वाक्य जोडू लागल्या, "असं झालं तर घाबरू नको, आदी मह्याकडं ये." बदनामी मात्र थांबली नाही.

आणि मग आरती आली.

दसऱ्याच्या आधीचे दिवस. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची बांधाबांध सुरू झालेली. आरती अशाच एका टोळीतली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मानेभोवती पदर घट्ट आवळलेला. बाजाराच्या निमित्तानं एकटीच आली होती. बाजार आमच्या दवाखान्याला लागूनच भरतो. बाईंनी पदर सोडायला लावला, तर मानेवर एका बाजूला गाठी. सुई घालून तपासणी झाली, रिपोर्ट आला. गाठीचा टीबी.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हा छातीतला नाही, तुझ्यापासून कुणाला लागणार नाही, सहा महिने गोळ्या घेतल्या की बरा होतो. तिनं यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. तिनं एवढंच विचारलं, "घरी सांगावं लागतंय का?"

तिच्या मोठ्या दिराची पहिली बायको टीबीची निघाली होती. तिला उपचाराला म्हणून माहेरी पोचवलं आणि परत आणलंच नाही. दिराचं दुसरं लग्न झालं. आरती नांदत होती ते हे घर. बाईंनी तिला तऱ्हेतऱ्हेनं सांगितलं, निदान नवऱ्याला सांग. तिनं हात जोडले. "ते वंगाळ न्हाईत, बाई. पर आईच्या म्होरं त्यायचं काय चालतंय?"

"बरं, नको सांगू," बाई म्हणाल्या, आणि सवयीनं गोळीची खोड काढली. "पहाटं उपाशी पोटी घ्यायची. तासभर तरी वर काही खायचं न्हाई. आन् हिच्यानं अंगातलं पाणी रंगतंय. लघवी तांबडी, केशरी होती. रगत न्हाई ते, गोळीचा रंग हाय."

तोवर धीरानं बसलेली आरती या वाक्याला रडायला लागली. बाईंना कळेना, मलाही कळेना. मग तिनं सांगितलं. तोडीवर संडास नसतो. पहाटे कोपीवरच्या, म्हणजे तिथल्या झोपड्यांतल्या, साऱ्या बाया मिळून उसाच्या कडेला जातात. अंधाराची भीती असते, म्हणून एकटं कुणी जात नाही. "संगंच बसताव, बाई. लाल दिसलं की इचारतेल. एकीला कळलं की टोळीला कळलं, टोळीला कळलं की गावाला. मी गोळ्या इथं हाय तवर घेते. तिकडं न्हाई घेत. वापस आल्यावर पुन्ना चालू करते."

म्हणजे ऐन मधे गोळ्या बंद. टीबी असा अर्धा सोडला की माजतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. हे बाईंनी तिला सांगितलं. ती मान हलवत राहिली, पण ते ऐकणाऱ्या माणसाचं मान हलवणं नव्हतं. गोळ्या घ्यायच्या तर घर जाणार, घर राखायचं तर जीव जाणार. पोरीनं घर निवडलं होतं.

त्या दिवसांत बाईंनी आमचा पिच्छा पुरवला. रंग न येणारी गोळी नाही का? नाही. रात्री दिली तर? तरी रंग यायचाच. डॉक्टर ओपीडीत, तर बाई दारात. शेवटी एकदा डॉक्टर वैतागले. "सिस्टर, मी काय करू? आख्ख्या टोळीला बी-कॉम्प्लेक्स द्या, सगळ्यांचीच लघवी पिवळीजर्द होईल. कोण कुणाला विचारतंय मग!"

ते चेष्टेनं बोलले होते. बाई दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग आत आल्या, पॅड उचलून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "सर, लिवा."

"अहो, असं कसं लिहू? तपासल्याशिवाय?"

"मग तपासा की. रगत हाय का त्या बायांच्या अंगात? ऊस तोडून तोडून पाचट झाल्यात. टोळी निघायच्या आदी गावात जाऊन तपासू. ज्या अशक्त हायेत त्यांना लिवा. एक जरी धडधाकट निघाली तर मला सांगा."

डॉक्टर हसायला लागले आणि मग हसायचे थांबले. आम्ही गेलो. मारुतीच्या पारावर टेबल मांडलं, एकेकीचं रक्त तपासलं, वजन घेतलं. धडधाकट एकही निघाली नाही. डॉक्टरांनी खाली मान घालून सगळ्यांना लोहाच्या आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहिल्या. सरकारी औषध इतकं योग्य जागी पडलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मग बाई पारावर उभ्या राहिल्या. बायका खाली, पुरुष जरा लांब, मुकादम खुर्चीवर.

"बायांनो, ह्या ताकदीच्या गोळ्या. काळीनं परसाकडं काळं होतंय, घाबरायचं न्हाई. पिवळीनं लघवी रंगती. कुणाची पिवळी, कुणाची हळदीवानी, कुणाची केशरी. जिचं तिचं अंग. एकमेकीचं बगत बसायचं न्हाई आन् भगताकडं पळायचं न्हाई. रंग आला म्हणजे गोळी काम करायली, असं समजायचं."

पुरुषांत खसखस पिकली. मुकादमानं विचारलं, "बाई, नुसताच रंग का ताकद बी येती?" बाईंनी त्याला जागच्या जागी विचारलं, की बायकांना ताकद आलेली त्याला परवडेल का. एक म्हातारी कामवाली म्हणाली, "पिवळी होऊ दे न्हाईतर जांभळी होऊ दे माय, कंबर तेवढी थांबू दे." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मागे आरतीही हसत होती. बाईंनी सबंध वेळात तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

'केशरी' हा शब्द बाईंनी मधे सरकवला, तो मी आणि डॉक्टर, दोघांनीही ऐकला. बी-कॉम्प्लेक्सनं पिवळं होतं, केशरी नाही. जन्मभर खोड लपवायची नाही म्हणणाऱ्या बाईंनी त्या दिवशी एका गोळीवर खोटीच खोड चढवली. परत येताना जीपमध्ये डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, केशरी?" बाई खिडकीबाहेर कापूस बघत होत्या.

बाहेरगावी जाणाऱ्यांना पुढच्या गोळ्या बांधून देता येतात, तशा आरतीला दिल्या. कारखान्याजवळच्या दवाखान्यालाही फोन करून ठेवला. टोळी गेली. आता बाईंचे खरे हाल सुरू झाले, कारण आरतीजवळ फोन नव्हता. फोन होता तो तिच्या नवऱ्याजवळ, दत्ताजवळ. बाई त्याला फोन लावायच्या आणि अख्ख्या टोळीची चौकशी करायच्या, म्हणजे एकीची होईल. "काय रे दत्ता, बाया गोळ्या खायलेत का?" तिकडून तो म्हणायचा, "खायलेत बाई. एक दिस खाडा न्हाई." बाई फोन ठेवून चिडायच्या. "ह्या येड्याला काय कळतंय! हाव हाव करतंय नुसतं." मला त्यांची दया यायची. इतकी बोलणारी बाई, आणि एक सरळ प्रश्न विचारता येत नव्हता.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळी परतली. पुढच्या बाजारच्या दिवशी दवाखाना उघडल्या उघडल्या दत्ता आला. एकटाच. उन्हानं काळा पडलेला, बारीक, हातात मोटरसायकलची किल्ली. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आरतीचं काही झालं असं त्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं.

"काय होतंय तुला?" बाईंनी विचारलं.

"मला काय न्हाई. ती बाजारात हाय. आत्ताच सोडलंय. तासाभरात हिकडं यील. त्याच्या आदी एक इचारायचं होतं." तो बाकड्यावर बसला आणि किल्लीकडे बघत म्हणाला, "तिच्या डोळ्याचं पाणी आता पांढरं व्हईल का, बाई?"

बाईंनी हातातलं रजिस्टर मिटलं.

"संक्रांतीला माहेरची आठवण येऊन लय रडली. मी मपल्या पांढऱ्या टावेलानं डोळे पुसले. टावेल केशरी झाला. मी म्हणलं, हे कसं? गोळ्या तर समद्याच बाया खायलेत, मग दुसऱ्या बायाचं रडणं पांढरं कसं? तिकडच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरला इचारलं, कोणत्या गोळीनं डोळ्याचं पाणी रंगतंय. त्यानं सांगितलं."

लघवी रंगते तसे अश्रूही रंगतात. बाईंना हे माहीत होतं, पण पारावर ते सांगता येण्यासारखं नव्हतं. ते कुठल्याच ताकदीच्या गोळीवर ढकलता आलं नसतं.

"मग तिला बोललास का न्हाईस?" बाईंनी विचारलं.

"तिनं येवढं जपून ठिवलं व्हतं. मी कशाला उघडं करू?" दत्ता म्हणाला. "मला कळलं असं तिला कळलं असतं, तर तिकडं तिचा एक दिस बी सुखाचा गेला नसता. पहाटं ती लपून गोळी घ्यायची. उपाशी पोटी लागती म्हणले डॉक्टर. म्हणून मी रोज म्हणायचो, आदी पाणी आण, बैलाचं बघ, मग भाकर खाऊ. तेवढाच टाइम जायचा. आईला काय सांगायचं न्हाई. आन् बाई, तिला बी सांगू नका. मला माहीत हाय म्हणून."

बाईंनी त्याला सांगितलं, की गोळ्या थांबल्या की पाणी आपोआप पांढरं होतं. बरं होणं रंगावरून ठरत नाही, ते डॉक्टर मान तपासून सांगतील. त्यानं नीट ऐकून घेतलं, उठला, दारात चपला घातल्या आणि बाजाराकडे गेला. मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं.

मग आरती आली. मानेवरचा पदर सैल होता. डॉक्टरांनी मान बोटांनी चाचपली, पुन्हा चाचपली. गाठी गेल्या होत्या. वजन वाढलं होतं. गोळ्या पुऱ्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "झालं. बरी झालीस तू."

तिनं बाईंचे हात धरले आणि खाली वाकून अगदी हळू, पण मोठ्या दिमाखात सांगितलं, "कुणाला म्हंजे कुणाला पत्ता लागला न्हाई, बाई. ह्यांना सुदीक न्हाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात काहीतरी आलेलं मला दिसलं, आणि ते त्यांनी गिळलेलंही दिसलं.

"लय हुशार हायीस गं माय तू," बाई म्हणाल्या.

ती बाहेर पडली, तशी बाई आणि मी खिडकीतून बघत होतो. बाजाराच्या तोंडाशी, बोलणं ऐकू येईल एवढ्यावरच, दत्ता गाडीला टेकून उभा होता. ती जवळ गेल्यावर त्यानं विचारलं, "झाला का बाजार?"

"झाला," आरती म्हणाली, आणि रिकामी पिशवी सावरत त्याच्यामागे बसली.